बाटलीविना साक्ष

केप कोस्ट,
४ मार्च १९७४

आफुआ, माझ्या बापाच्या लेकी,

सर्वांत आधी पामतेलाविरुद्ध माझी रीतसर तक्रार नोंदवून घे. तू लॉरीवाल्या अदूच्या हाती पाठवलेल्या पिशवीत भाजके मासे होते, पांढरी वांगी होती, तेलाचा डबा होता, आणि सगळ्यांच्या तळाशी, मुरायला ठेवल्यासारखं, तुझं पत्र होतं. पहिलं पान केशरी झालंय. दुसरं इतकं पारदर्शक झालंय की त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात, म्हणजे एकही वाचता येत नाही. सव्वीस वर्षं मी पोरांना शिकवतोय की कागद जपा, कागद म्हणजे इतिहास. आणि माझ्याच टेबलावरच्या कागदाला तीन दिवसांपासून मुंग्या लागल्यात. आत्तापर्यंत त्या माझ्यापेक्षा बरंच पुढचं वाचून गेल्या असतील.

जेवढं वाचता आलं त्यावरून समजलं ते असं. तुझ्या आईकडच्या प्राबा आजीची शेवटची इच्छा आहे की तिला अकोनसूच्या राजांच्या राईत, जुन्या राजमातांच्या शेजारी पुरावं. वरचं घर म्हणतं, नाही, राईत फक्त ओबिरी राजाच्या बहिणींचं रक्त जातं, आणि तुमच्या खालच्या घराची मूळबाई अन्सा ही ओबिरीची बहीण नव्हतीच. थोरल्यांच्या बैठकीला यावर माझं लेखी मत हवंय, कारण मी इतिहासाचा मास्तर, आणि घर आईकडून ठरतं, माझी आई किनाऱ्यावरची, म्हणून मी दोन्ही घरांत मोडत नाही. इतकी वर्षं याच कारणासाठी मला कुणी नीट बसायला स्टूल देत नव्हतं.

तुला राग येणार, पण ऐक. माझ्यासमोर तीन साक्षी आहेत. एक, हेन्ड्रिक कोल्क, किल्ल्यावरचा डच कारकून. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची त्याची वही, तिचं इंग्रजी भाषांतर आमच्या विद्यालयाच्या कपाटात आहे. दोन, आपल्या आजोबांनी शाळेसाठी लिहिलेलं ‘अकोनसूचा इतिहास’. तीन, वरच्या घराचा मुखत्यार ट्वुमासी सणाला जी वंशावळ म्हणतो ती. मागच्या वर्षी मी ती टेपवर घेतली होती. तिघंही एकच सांगतात: अन्सा बाजारातून विकत आणलेली. गोरा, मास्तर आणि भाट एका सुरात बोलतात असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहतोय; पहिल्यांदा तिघं मिळून कर वाढल्याबद्दल ओरडत होते.

आणि चौथी साक्ष तर खुद्द आजीची. डिसेंबरात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मी तिला सरळ विचारलं, ‘आजी, अन्सा ओबिरीची बहीण होती का?’ ती म्हणाली, ‘बहीण कसली! दोन आरसे आणि सात हात निळं कापड देऊन आणलेली. घे लिहून.’ मी लिहून घेतलं. माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलतो तेव्हा ते खरं मानावं, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. आता सांग, मी मतात काय लिहू?

पुढचं पत्र कोरडं पाठव.

क्वाबेना अदारक्वा


अकोनसू,
१७ मार्च

माझ्या बापाच्या लेका,

डबा गळला नाही. अदूने वाटेत आपलं जेवण त्याच तेलात केलं. विचारलं तर म्हणाला, ‘पत्राला थोडं लागलं असेल, मावशी, पण मासे मी मोजून दिले.’ तुझ्या टेबलावर किती पोचले ते कळव.

तुझं पत्र मी माझ्या भट्टीवर पाव भाजताना वाचलं, आणि एक घाणा करपला. साक्षी मोजतोस? आमच्याकडे काय चाललंय ते ऐक. ओबिरी राजाचा पहिला नियम तुला लहानपणी पाठ होता: कुणी कुणाचं मूळ सांगू नये. ‘तुझी पणजी कुठून आली ते मला माहीत आहे’ असं जो बोलेल त्याने मेंढी द्यावी. म्हणून वरच्या घरातलं कुणी आमच्याबद्दल तोंडाने एक शब्द काढत नाही. परवा ट्वुमासी आमच्या अंगणात आला, आजोबांचं पुस्तक पांढऱ्या कापडात गुंडाळून, जणू बाळ न्हाऊ घालून आणलंय.

‘काय ट्वुमासी, काय म्हणायचंय?’ मी विचारलं.

‘मी कुठे काय म्हणतोय, आई? मी तोंडच उघडलेलं नाही.’ असं म्हणून त्याने अन्सा विकत आणल्याचं चौदावं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

‘हे बोट कुणाचं?’

‘बोट माझं. म्हणणं तुझ्याच आजोबांचं.’

तोंडाने म्हटलं की मेंढी, बोटाने दाखवलं की फुकट. आणि ते बोट आपल्याच आजोबांच्या ओळीवर.

आजीला मी विचारलं, ‘तू खरंच क्वाबेनाला असं सांगितलंस?’ ती खोकला येईपर्यंत हसली. ‘त्याने विचारलं, मी सांगितलं.’

‘पण तेच का सांगितलंस, आजी?’

‘त्याला तेवढंच झेपत होतं. तो अजून फुफु चावून खातो.’

बघ बाबा, लोक काय बोलतात. गिळायचं अन्न दातांनी फोडणारा माणूस आमच्या मुळाबद्दल मत देणार.

बैठक १८ मेला आहे. आजी अर्धीच जेवते आता. बैठकीने नाही म्हटलं तर तिची जागा लॉरीतळामागच्या भिंतीकडेला ठरली आहे; तिथे ड्रायव्हर लोक काय करतात ते तुला माहीत आहे. तिने कधी काही मागितलं नाही, हे एकच मागतेय. तू एवढा शोधक, तर एवढं शोधून काढ: आजोबांनी ते चौदावं पान आणलं कुठून? आजोबा खोटं बोलत नसत. पण त्यांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि ज्याचं अक्षर सुंदर त्याला नकलून काढायचा मोह होतो.

आफुआ दुफिए


केप कोस्ट,
९ एप्रिल

आफुआ,

मासे सहा पोचले. तू किती पाठवले होतेस ते सांगू नकोस. मला अदूबद्दल थोडा आदर शिल्लक ठेवायचाय.

पंधरा दिवस मी वैतागून बसलोय, आणि या वेळी तुझ्यावर नाही. आजोबांच्या पुस्तकाची प्रस्तावना माझ्याजवळच्या प्रतीत नव्हतीच. ती एका सहकाऱ्याने, बहुधा बाळाचं काहीतरी पुसायला, फाडून नेली होती. दुसरी प्रत मिळवायला मी मिशनच्या वाचनालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला किल्लीवाला जेवायला गेला होता, दुसऱ्या खेपेला किल्ली. तिसऱ्या खेपेला प्रस्तावना मिळाली. आजोबा लिहितात: ‘पाद्रीसाहेबांनी कृपा करून एका जुन्या गोऱ्या गृहस्थाचं लिखाण दाखवलं, त्यावरून पुढील हकीकत घेतली आहे.’

म्हणजे दुसरी साक्ष ही पहिलीच होती, स्वच्छ अक्षरात.

मग मी कोल्कची वही आणि ट्वुमासीची टेप समोरासमोर ठेवली. कोल्क लिहितो की नदी अकोनसूच्या पश्चिमेला वाहते; आहे ती पूर्वेला. तो अकोनसूला कधी आलाच नव्हता. दोन दिवसांच्या वाटेवरच्या बाजारात राजाची माणसं त्याला भेटली, आणि नदी त्याने आपल्या मनानेच कुठेतरी ठेवून दिली. आजोबा त्या नदीकाठी जन्मले, तिच्यात एकदा बुडता बुडता वाचले, आणि त्यांनीही लिहिलं, ‘पश्चिमेला’. गोऱ्याच्या वहीपुढे स्वतःच्या नाकात गेलेल्या पाण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आणि ट्वुमासी, जो रोज पहाटे त्या नदीवर डुंबतो, तो टेपवर काय गातोय? ‘ओबिरी आला, पश्चिमेच्या नदीवर पाणी प्याला.’ मी टेप चार वेळा फिरवून ऐकली. शाळेत तो आजोबांचाच विद्यार्थी. पुस्तक पाठ केलं, छडी चुकवली, मोठा झाल्यावर तेच ढोलाच्या तालावर म्हणायला लागला, आणि आम्ही त्याला प्राचीन मौखिक परंपरा म्हणून पाच रिळं भरून आलो. त्यातलं चौथं रीळ मी एका परिषदेत वाजवून दाखवलंय. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तीन साक्षी नव्हत्याच, आफुआ. एकच माणूस तीनदा कपडे बदलून आला होता.

पण आजीचं काय करू? तिला वाचता येत नाही, कोल्क तिने ऐकला नाही, आणि तिने स्वतःच्या घराविरुद्ध सांगितलं. तीन साक्षी मी फेटाळीन, चौथी फेटाळायला मला कारण दे. कारण नसताना मी खोटं लिहिणार नाही, तुझ्यासाठीही नाही. असं लिहिताना मला बरं वाटत नाहीये, हेही नोंदवून ठेव.

क्वाबेना


अकोनसू,
२१ एप्रिल

क्वाबेना,

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं. नदीच्या ओळीला तिने मला परत वाचायला लावलं. शेवटच्या ओळी ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘त्या मुलाला विचार, बाटली कुठाय?’

आता तरी आठवलं का? डिसेंबरात तू ओसरीवर बसलास, मूळबाईबद्दल विचारलंस, आणि समोर काय ठेवलंस? बिस्किटांचा डबा. ‘बाटली पुढच्या खेपेला आणतो, आजी, या वेळी घाईत आहे.’ अरे, मुळाचं विचारायचं तर आधी श्नाप्सची बाटली ठेवतात, पहिला घोट जमिनीवर सांडतात, वडील मंडळींना बोलावतात, मग विचारतात. पूर्वज ऐकत असले की सांगणाऱ्याला खोटं बोलता येत नाही. बाटली नसली तर ते येत नाहीत. मग आपण विचारणाऱ्याच्या पात्रतेइतकं सांगून त्याला वाटेला लावतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तू कॉलेजात जाऊन विसरलास.

आणि तिने सांगितलं ते काय होतं? दोन आरसे, सात हात निळं कापड. चौदावं पान काढून बघ. ट्वुमासी दर सणाला ते तिच्या कानावर ओरडतोय, तिने तेच तुझ्या वाडग्यात वाढलं. तिला बघायचं होतं, आजोबांचा नातू आजोबांचं पान ओळखतो का.

तू म्हणालास, ‘धन्यवाद, आजी, हे फार मोलाचं आहे.’

मी न राहवून काल स्वतः बाटली आणली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने ती परत माझ्याकडे सरकवली. म्हणाली, ‘विचारलं कुणी? त्याने. मग बाटलीही त्याची.’

ती आता उठून बसत नाही.

आफुआ


केप कोस्ट,
६ मे

आफुआ,

तुझं पत्र वाचून मी चौदावं पान काढलं. दोन आरसे, सात हात, निळं. शब्दन् शब्द. मग वर्गात गेलो आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगितलं की आज मी काही शिकवणार नाही. ती फार खूष झाली.

रागारागात मी कोल्कची अख्खी वही पहिल्यापासून वाचून काढली. आम्ही सगळे त्यातली अकोनसूची दोन पानं तेवढी वाचतो. पण हा मनुष्य असा चिक्कू, की कुठल्या भेटीत किती दारू गेली ते त्याने रोजच्या रोज टिपून ठेवलंय. अकोनसूच्या दिवशी काय लिहिलंय ते तुला उतरवून देतो: ‘या लोकांनी बोलण्याआधी रमची बाटली मागितली. मी दिली नाही. तरीही बोलले, आणि पुष्कळ बोलले. म्हणजे देण्याची गरज नसतेच, हा धडा मला मिळाला.’

दोनशे वर्षांपूर्वी तोही तसाच बसला होता, जसा मी डिसेंबरात बसलो. फक्त त्याने बिस्किटंही आणली नव्हती.

सोबत बैठकीसाठी माझं मत आहे, स्वतंत्र लिफाफ्यात, मेणकापडात गुंडाळून. त्यातला मुख्य भाग असा: ‘सादर झालेल्या चारही साक्षी तपासल्या. चारही एकाच वहीतून निघालेल्या आहेत. एकाची चूक चौघांत आहे. सदर वही लिहिणाऱ्याने अकोनसूच्या रीतीप्रमाणे पेय ठेवलं नव्हतं, असं तो स्वतःच लिहितो. म्हणून अकोनसूच्याच कायद्याने ती साक्ष ठरत नाही. खालच्या घराचं मूळ काय, हे रीतीप्रमाणे आजवर कुणी विचारलेलं दिसत नाही. प्रस्तुत लेखकानेही नाही.’

शेवटचे तीन शब्द लिहायला मला एक संध्याकाळ लागली.

तू चिडशील, कारण अन्सा ओबिरीची बहीण होती असं मी लिहिलेलं नाही. मला माहीत नाही, आफुआ. मला फक्त एवढंच माहीत आहे की कुणालाच माहीत नाही, आणि जे पुस्तक उघडून बोट ठेवतात त्यांना सगळ्यांत कमी. एवढ्यावर भागलं तर बघ.

बैठकीला मला येता येत नाही. अठरा तारखेला विद्यालयाच्या परीक्षा आहेत आणि मुख्याध्यापकांनी माझी रजा नामंजूर करताना ‘इतिहास कुठे पळून जात नाही’ असा शेरा मारलाय. आजीला सांग, परीक्षा संपल्या की बाटली घेऊन येतो.

क्वाबेना


अकोनसू,
२८ मे

माझ्या बापाच्या लेका,

क्रमाने सांगते.

बैठक भरली. प्रमुख म्हणून नाना अपेआ होते. शाळेच्या मास्तरांनी तुझं मत वाचून दाखवलं. मेणकापड सोडवायलाच त्यांना इतका वेळ लागला की दोन म्हातारे डुलकी काढून उठले. मग नाना अपेआ ट्वुमासीला म्हणाले, ‘म्हण बघू वंशावळ.’ त्याने काठी टेकली, गळा साफ केला. ‘ओबिरी आला, पश्चिमेच्या नदीवर पाणी प्याला—’

‘थांब. नदी कुठे म्हणालास?’

‘पश्चिमेला, नाना.’

‘आज अंघोळ कुठे केलीस?’

‘नदीवर.’

‘जाताना सूर्य डोळ्यांवर होता का पाठीवर?’

ट्वुमासीने काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘डोळ्यांवर, नाना. पण परंपरेत ती पश्चिमेला आहे.’

मागून मासेवाल्या बायकांतली एक म्हणाली, ‘मग उद्यापासून परंपरेतच अंघोळ कर, आमच्या घाटावर गर्दी होते.’

नाना अपेआंनी हसणं थांबू दिलं. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, ‘त्या गोऱ्याने बाटली ठेवली नव्हती, हे नक्की?’

‘नक्की, नाना. आणि वाचवली म्हणून त्याला आनंद झाल्याचंही लिहिलंय.’

‘मग इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो?’

वरच्या घराचा एकजण उठला. ‘पण नाना, क्वाबेना अदारक्वाला प्राबा आजीने स्वतः सांगितलं होतं, हे त्याने परिषदेत सगळ्यांना ऐकवलंय.’ हे तू मला सांगितलं नव्हतंस, क्वाबेना. त्याबद्दल नंतर बोलू.

नाना अपेआंनी माझ्याकडे पाहिलं. ‘क्वाबेनाने ठेवली होती का?’

‘नाही, नाना,’ मी म्हणाले. ‘बिस्किटं आणली होती.’

आता गावात तुझं नाव बिस्किटवाला पडलंय. रस्त्यातली पोरंही म्हणतात. तुझ्या विसरभोळेपणाने खटला जिंकला, तेव्हा तक्रार करू नकोस. निकाल असा झाला की अडवायला साक्षच उरली नाही, तेव्हा खालच्या घराच्या बायकाही राईत जातील, आणि यापुढे बोटाने दाखवलं तरी मेंढी पडेल. ट्वुमासीने दुसऱ्या दिवशी मेंढी आणून बांधली. बारकी होती, पण होती.

मी घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. नदीचं ऐकून तिने डोळे मिटून मान हलवली. मी विचारलं, ‘आजी, आता तरी मला सांग. तो बाटली घेऊन आला असता, तर काय सांगितलं असतंस?’

ती म्हणाली, ‘ते त्याच्या बाटलीत आहे.’

आणि थोड्या वेळाने, ‘त्याला म्हणावं, आता घाई करू नको. मी कुठे असेन ते ठरलंय.’

मंगळवारी सकाळी गेली. मंगळवारी जन्मलेली, मंगळवारीच गेली. आयुष्यभर तिला नीटनेटकेपणाचा सोस होता. शनिवारी राईत ठेवली, राजमातांच्या ओळीत, शेवटून दुसरी. चाळिसाव्या दिवसाला ये. मुख्याध्यापकांना सांग, इतिहास पळून गेला.

आफुआ


केप कोस्ट,
४ जुलै

आफुआ,

सुखरूप पोचलो. अदूने येताना माझ्या पायाशी एक बकरी आणि डोक्यावर कुणाचातरी रेडिओ ठेवला होता. तेल मात्र नव्हतं, याची नोंद घेतो. परिषदेबद्दल तू जे बोललीस ते सगळं मला मान्य आहे. तिसऱ्यांदा बोललीस तेव्हा तर जास्तच पटलं. चौथं रीळ मी मागे घेतल्याचं परिषदेला लिहून कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की परंपरा मागे घेण्याची त्यांच्याकडे सोय नाही.

सोमवारी सकाळी मी न सांगता कुठे गेलो होतो, हे मी निघेपर्यंत तू विचारत राहिलीस. तेव्हा सांगितलं नाही, कारण अंगणात बायका होत्या आणि त्यांना माझं नवं नाव घ्यायला निमित्तच हवं होतं.

राईकडे गेलो होतो. आत मला जाता येत नाही, माहीत आहे. कडेला रखवालदार शेंगा सोलत बसला होता. त्याला बाटली दिली. केप कोस्टमध्ये पाच दुकानं हिंडून मिळवलेली, बूच न उघडलेली.

‘कुणासाठी?’ त्याने विचारलं.

‘प्राबा आजीसाठी.’

‘आणि कुणाकडून?’

‘क्वाबेना अदारक्वाकडून.’

‘बिस्किटवाला?’

‘तोच.’

तो उठला, कापड कमरेला खोचलं, बाटली दोन्ही हातांत धरली. चार पावलं आत जाऊन थांबला आणि मागे वळला. ‘तिला काय विचारू?’

प्रश्न माझ्याजवळ तयार होता, आफुआ. मार्चपासून तयार आहे, नीट शब्दांत बसवलेला. पूर्वजही तिथेच होते, सगळे एका ओळीत, ऐकायला बसल्यासारखे.

‘काही विचारू नको,’ मी म्हणालो. ‘डिसेंबरातली राहिली होती, तेवढी पोचव.’

त्याने तिचं नाव घेतलं आणि ओतली. शेवटचा थेंब जमिनीत जाईपर्यंत मी उभा राहिलो, मग तुझ्याकडे न्याहारीला आलो. फुफु होता. मी गिळला.

क्वाबेना